उंबऱ्यातले चार खिळे

मी आज जो काही आहे तो माझ्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या एकुलत्या एक बहिणीचे यजमान. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते बैलांना पत्र्या ठोकायचे. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि त्यावर लोखंडाची पातळ पत्री खिळ्यांनी बसवायची, हे त्यांचं काम. घरी थोडी जिरायत होती, पण ही विद्या त्यांनी बाजारातल्या एका म्हाताऱ्या नालबंद चाचांकडून हौसेनं उचलली होती. शिक्षण चौथी. वाचताना ओळीखाली अंगठा धरायचे आणि ओठ हलवायचे. अशा माणसानं मला बी.ए. केलं.

आमचं गाव जामखेडच्या बाजूला, कोरडं. वडील मी लहान असताना गेले आणि आई मामाच्या आधारानं राहिली. मी नगरला कॉलेजात नाव घातलं तेव्हा जेवायचं काय, हा पहिला प्रश्न होता. दाजी म्हणाले, "एसटी रोज जाती ना पाव्हणं? मग डबा बी जाईल." ते मला पहिल्यापासून पाव्हणं म्हणायचे, मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून. घोडेगावहून सकाळची गाडी निघायची, कंडक्टरच्या पायाशी माझा डबा असायचा आणि मी स्टँडवर वाट बघत उभा राहायचो. फडक्याला ताईची गाठ असायची. ती गाठ मला ओळखता यायची.

ताई आणि दाजी एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो की ताई चुलीपाशी बसून म्हणायची, "तुझ्या दाजींना विचार, अजून भाकरी वाढू का?" दाजी तिथून तीन हातांवर बसलेले असायचे. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग म्हनावं, अर्धी." मग ताई अर्धी वाढायची. दाजींची आई घरात असायची, तिच्यादेखत नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी रीत होती. मला वाटायचं, मी नसतो तेव्हा ही दोघं काय करत असतील?

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ताई पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही.

आमच्याकडे अशी समजूत आहे की बाळंतपणात गेलेल्या बाईचा जीव घरात अडकतो आणि ती परत येते. ती येऊ नये म्हणून दोन गोष्टी करतात. स्मशानातून येताना वाटेवर राळे टाकत येतात. राळ्याचा दाणा मोहरीएवढा असतो. मेलेली बाई घराकडे निघाली की तिला तो दाणा न् दाणा वेचावा लागतो, आणि वेचता वेचता उजाडतं. दुसरी गोष्ट म्हणजे घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकतात.

राळे टाकले गेले. माणसं दारात आली आणि दाजींच्या आईनं खिळे मागितले. घरात खिळ्यांचा डबा एकच होता, तो दाजींचा. हातोडीही त्यांचीच. दुसऱ्या कुणी पुढं होण्याची सगळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दाजी स्वतः खाली बसले आणि आपली बायको परत येऊ नये म्हणून त्यांनी उंबऱ्यात चार खिळे ठोकले. एकही वाकडा गेला नाही. हाताला सवय होती.

डबा आता बंद होणार, हे मी धरून चाललो होतो. बहीण गेली, मग तिचा भाऊ कोण? तेराव्यानंतर मी नगरला परतलो. दुसऱ्या दिवशी स्टँडवरून उगीच जात होतो, तर कंडक्टर ओरडला, "अय कॉलेज! डबा ने की तुझा!" फडक्याची गाठ वेगळी होती, बैलाला बांधायच्या दोराची. भाकरी जाड, एका बाजूनं करपलेली. ती दाजींनी थापली होती. त्या भाकरीवर मी पुढची दोन वर्षं काढली.

बी.ए. होऊन मी नगरच्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. मालक खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं काढायचे, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांसाठी. एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हडळ, खवीस आता जुनं झालं," ते म्हणाले. "विलायतेत बघा. रक्त पितो, पण सूट घालतो. दिसायला राजबिंडा. अन् प्रेम करतो. आपल्याकडं कोण लिहितंय? लिहा तुम्ही."

"रक्त किती दाखवायचं?" मी विचारलं.

"थेंबभर. प्रेम मात्र बादलीभर."

मी लिहायला बसलो. राजूरला मी एकदाच गेलो होतो, कॉलेजच्या सहलीला. डोंगरातलं धुकं बघितलं ते तेवढंच. त्या धुक्यावर मी दोन पुस्तकं काढली. डोंगरात एक जुना बंगला, त्यात शंभर वर्षांपूर्वी मेलेला एक देखणा जहागीरदार, आणि गावात बदलून आलेली एक तरुण शिक्षिका. मालकांनी एक नियम सांगितला होता, तो मी पाळला. हा रक्तपिपासू कुणाच्या घरात आपणहून शिरू शकत नाही. त्याला आतल्या माणसानं "ये" म्हणावं लागतं. म्हणून माझा जहागीरदार रोज त्या शिक्षिकेच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "आत येऊ?" शेवटी मी त्याला मारून टाकायचो. पुस्तकावर टोपणनाव असायचं, बाईचं.

पुस्तकं खपली. छापखान्यात पत्रं येऊ लागली. मी ती अजून ठेवली आहेत. बहुतेक बायकांची, काही पेन्सिलीनं लिहिलेली. सगळ्यांची तक्रार एकच, त्याला मारलं का? श्रीगोंद्याकडच्या एका बाईनं लिहिलं होतं: "तो दारात उभा राहून विचारतो, येऊ का. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मला आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नाही." ते पत्र वाचून मला ही पुस्तकं का वाचतात ते कळलं. तोवर मला वाटत होतं, लोकांना भीती हवी असते. भीती तर घरोघर फुकट होती. लोकांना हवा होता तो कुणीतरी, जो मरण ओलांडून आपल्यासाठी येतो आणि एवढ्या लांबून येऊनही दारात थांबतो. आमच्या प्राध्यापकांनी ही पुस्तकं चिमटीत धरून बाजूला ठेवली असती. मी मात्र ती मनापासून लिहिली, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

तिसरं पुस्तक मी दुष्काळात लिहिलं. विहिरी आटल्या होत्या आणि अर्धा जिल्हा खडी फोडायला लागला होता. मालक म्हणाले, "लोकांना पाणी नाही, रक्त तरी द्या. पण या वेळी आपल्या मातीतलं द्या."

मी आपल्या मातीतलं दिलं. एक नालबंद असतो. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात जाते. तो उंबऱ्यात चार खिळे ठोकतो, लोक वाटेवर राळे टाकतात. ती रोज राळे वेचत वेचत घराकडे येते, रोज थोडं जास्त अंतर. तिला त्याचं रक्त हवं असतं, आणि तोही हवा असतो. दारात येऊन ती विचारते, "येऊ का?" जिवंतपणी तो तिच्याशी कधी सरळ बोललेला नसतो. शेवटी एका संध्याकाळी तो पक्कड घेतो, चारी खिळे उपटतो आणि म्हणतो, "ये. घरात ये." तीन आठवड्यांत मी ते पुस्तक संपवलं. लिहिताना रडलो. माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं, असं मला वाटलं. म्हणून मी मालकांकडे हट्ट धरला, या पुस्तकावर माझं खरं नाव टाका.

दाजी वाचत नाहीत, असं मी धरलं होतं. नालबंदाला कुंभार करावं, गावाचं नाव बदलावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

मी नोकरीला लागल्यावर रोजचा डबा थांबला होता, पण बाजाराच्या दिवशी दाजी अजून एक डबा पाठवायचे. पुस्तक निघून महिना झाला आणि एका बाजारी डबा आला नाही. पुढच्याही बाजारी नाही. मी कंडक्टरला विचारलं. तोच जुना कंडक्टर होता.

"डब्याचं काय घिऊन बसलाय?" तो म्हणाला. "तुमच्या दाजींचं लगीन मोडलं. तुमच्या पुस्तकापायी म्हणत्यात."

दाजी पुन्हा लग्न करणार आहेत, हेही मला माहीत नव्हतं. ताईला जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची आई थकली होती, घरात कुणीतरी हवं होतं. जामखेडकडचं स्थळ आलं होतं, दिवसही धरला होता. मी त्याच गाडीनं घोडेगावला गेलो.

बाजारात बैल खूप होते, पण पत्र्या ठोकायला कुणी आणत नव्हतं. दुष्काळात लोक बैल विकायला आणतात, खूर कोण बघतो? दाजींसमोर एकच बैल पाडलेला होता. बैलाचा मालक कमरेवर हात ठेवून उभा होता आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "नालबंद, माझ्या बैलाचं खिळं रातचं उपटत न्हाईस न्हवं?"

लोक हसले. दुसरा कुणी म्हणाला, "आरं, बैलाला कशाला? बैल काय इचारतोय, येऊ का म्हनून?"

दाजींनी मान वर केली नाही. मी दिसलो तेव्हा एवढंच म्हणाले, "आलास?" पाव्हणं म्हणाले नाहीत. हातातला खूर पुरा केला, हत्यारं गोळा केली आणि घराकडे चालू लागले. मी मागं.

घरात त्यांच्या आईनं मला बघितलं. "पुस्तकवालं आलं का?" ती म्हणाली. "बसा. पानी देते. भावानंच बहिनीला बाजारात मांडली, आता कुनाला काय म्हनावं?" तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि परसात निघून गेली.

दाजी आतल्या बाजूनं उंबऱ्याला लागून बसले. मी समोर.

"वाचलं म्या," ते म्हणाले. "सोळा दिस लागलं."

"दाजी, ते खरं नाही. ती कल्पना आहे."

"ते मला सांगतोस व्हय? खरं काय हाय ते माझ्याबिगर कुनाला ठावं?" पुढं म्हणाले, "खिळा निघताना लाकूड कन्हतं, आसं लिव्हलंयस. तसंच वाजतं. कुठं ऐकलंस?"

"तुमच्याकडंच. बैलाच्या खुरातला जुना खिळा काढताना."

"व्हय." मग म्हणाले, "तुझा मानूस लई धाडसाचा. त्यानं काढलं. म्या न्हाई काढलं. ती आली आसंल, न्हाई आसं न्हाई. पर म्या काढलं न्हाईत."

बोलता बोलता त्यांचा अंगठा उंबऱ्यावर गेला होता. एका खिळ्याच्या डोक्यावर तो हळूहळू फिरत होता, त्यांना न कळत. मग दुसऱ्यावर गेला. मी खाली बघितलं. चार वर्षांपूर्वीचे ते खिळे आरशासारखे चकाकत होते.

लग्न कसं मोडलं ते त्यांच्या आईनं मला निघताना सांगितलं. पुस्तकाची बातमी जामखेडकडे पोचली. मुलीचा बाप बघायला आला. खिळे उपटलेत की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. खिळे जागेवर होते. पण तो वाकला, बोट लावलं आणि म्हणाला, "चार सालाचा खिळा गंजतो. हे परवाचं हायती. काढलं हुतं अन् आता आमच्यासाठी पुन्यांदा ठोकलं." दाजी समोर उभे होते. खिळे का चकाकतात, ते त्यांना सांगता आलं असतं. ते काही बोलले नाहीत.

मी जामखेडला गेलो. हे लग्न व्हायला हवं, एवढंच डोक्यात होतं. मुलीचे वडील माणूस चांगला. त्यांनी मला घोंगडीवर बसवलं, चहा दिला. पुस्तक त्यांच्या कोनाड्यात होतं.

"हे तुमचं नाव?"

"हो."

"छापलंय?"

"हो. पण गोष्ट आहे ती, मामा. खोटी आहे."

"आता आसं बघा," ते शांतपणे म्हणाले. "तोंडानं मानूस काय बी बोलतो. छापायचं म्हंजे शाईनं, धा लोकांच्या हातातनं. तुमी बी.ए. झालेली मानसं. छापलेलं खोटं, अन् हितं घोंगडीवर बसून बोलताय ते खरं, आसं मी माझ्या पोरीच्या बाबतीत कसं धरू? अन् ते खिळं चकाकत हुतं. म्या डोळ्यांनी बघितल्यात."

ते का चकाकतात ते मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर त्यांनी लेक आणखीच दिली नसती. जो माणूस चार वर्षं मेलेल्या बायकोच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवतो, त्याच्या घरी कोण लेक देईल? माझं खोटं छापलेलं होतं, आणि खरं बोलायची सोय नव्हती. चहा पिऊन मी उठलो.

छापखान्यात मालक खुशीत होते. "दुसरा भाग काढू," ते म्हणाले. "ती घरात आली ना? आता तिला मूल होऊ द्या." मी नाही म्हणालो. पुढं मी शाळेत मास्तरकी धरली आणि तीस वर्षं केली. तशी गोष्ट पुन्हा लिहिली नाही.

जामखेडहून येताना मी वाट वाकडी करून घोडेगावला गेलो, पण घरी जायचा धीर झाला नाही. नगरला परत येऊन दाजींना पत्र लिहिलं. त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलं आणि जोडाक्षरं शक्य तितकी टाळली. उत्तर आलं नाही. डबा पुन्हा आला नाही. सणावारी मी जायचो, ते जेवायला घालायचे, पण त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. दाजींनी लग्न केलं नाही. आईमागं ते एकटेच राहिले.

ते गेल्यावर त्यांच्या चुलतभावानं मला त्यांचा खिळ्यांचा डबा दिला. "हे तुमचं आसंल," म्हणाला. वरती नवे खिळे होते. तळाशी फडक्याची एक पुरचुंडी होती. फडकं माझ्या डब्याचं होतं, जुनं, ताईच्या हातचं. आत माझं पत्र होतं आणि चार खिळे. खिळ्यांची अंगं गंजलेली आणि डोकी चकाकणारी. ते त्यांनी कधी काढले, कुणालाच माहीत नाही. पत्राच्या प्रत्येक ओळीखाली अंगठ्याचा काळा डाग आहे. ते पत्र असं:

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार.

मी जामखेडला जाऊन आलो. त्यांना खूप सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तुमचं घर पुन्हा उभं राहत होतं, ते माझ्यामुळे मोडलं. माफी मागायला मी तोंडानं आलो असतो, पण तुम्ही "असू दे" म्हणाला असता, आणि मला ते नको होतं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पुस्तकात ती नाही. पुस्तकात मी लिहिलं, लोकांनी वाटेवर राळे टाकले. दाजी, लोकांनी नाही टाकले. राळे मी टाकले. तुमच्या आईनं पिशवी माझ्या हातात दिली, भाऊ म्हणून. मी मागं न बघता मूठ मूठ टाकत आलो. ताईनं मला आठ वर्षं भाकरी वाढली आणि ती घरी येऊ नये म्हणून मी दाणे टाकत आलो.

तुमचे खिळे मी सगळ्या जगाला दाखवले आणि माझे राळे लपवले. तुमचा हात लिहिला, माझा हात नाही लिहिला. लोक तुम्हाला हसले, मला कुणी हसलं नाही. हे पाप लग्न मोडलं त्याहून मोठं आहे, असं मला वाटतं.

मी त्या माणसाला धाडसाचा केला, कारण मला तसं व्हायचं होतं. तुम्ही भित्रे आहात म्हणून नाही. तुमचा अंगठा मी बघितला. तसं मला लिहिता आलं नसतं.

परवा येताना मी बाजारापाशी उतरलो. तुमच्याकडे आलो नाही. नदीकाठच्या स्मशानापासून तुमच्या घरापर्यंत, मी राळे टाकले होते त्या वाटेनं खाली बघत चाललो. एक दाणा दिसला नाही. चार सालात पाखरांनी सगळे वेचले असतील.

खिळे काढायचे की राहू द्यायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही. पण माझ्याकडची वाट मोकळी आहे, दाजी. ती मी पायानं चालून बघितली.

तुमचा,
पाव्हणा